गुडघाभर पाण्यातलं बालोस

पद्मिनी गुर्जर यांना पोहायला शिकावंसं वाटलं ते डेंटिस्टच्या खुर्चीत. वय सदुसष्ट, तोंडात कापसाचे बोळे, जबडा अर्धा बधिर.

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या त्या दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर वर, छताला एक मोठा फोटो चिकटवलेला होता. पांढरी वाळू, मधे फिरोजी रंगाचं निवांत पाणी, पलीकडे बोडका डोंगर. रूट कॅनॉलला तीन वेळा जावं लागलं आणि तिन्ही वेळा पद्मिनीकाकू तासतासभर त्या पाण्याकडे बघत पडून राहिल्या. शेवटच्या दिवशी तोंड मोकळं झाल्यावर त्यांनी दाताबद्दल चकार शब्द काढला नाही. "ही जागा कुठली?" एवढंच विचारलं. असिस्टंटने स्टुलावर चढून फोटोखालची बारीक अक्षरं वाचली : बालोस, क्रीट, ग्रीस.

काकू यवतमाळच्या. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत भाऊ धपाधप उड्या मारायचे आणि काकू काठावर बसून त्यांचे कपडे राखायच्या. पुढे डॉक्टर झाल्या, अमेरिकेत आल्या, पॅथॉलॉजिस्ट म्हणून पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. पोहणं राहूनच गेलं. नवरा रवींद्र, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, पण पाण्याशी त्यांचा संबंध पुलावरून जाण्यापुरताच. बीचवर गेले तरी बूट काढायचे नाहीत.

"मी पोहायला शिकणार आणि मग आपण क्रीटला जाणार," काकूंनी घरी येऊन जाहीर केलं.

"ॲनस्थेशिया अजून उतरलेला दिसत नाही," रवींद्रकाका म्हणाले.

पण काकूंनी गावातल्या स्विमिंग पूलवर नाव घातलं. मोठ्यांचा वर्ग भरलेला होता, म्हणून सुरुवातीचे दोन महिने त्या सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर शिकल्या. पहिल्या दिवशी पाण्यात तोंड घालायचा धीर होईना, तेव्हा शेजारची इशिता नावाची चिमुरडी गंभीरपणे म्हणाली, "आँटी, जस्ट ब्लो बबल्स. इट्स नॉट अ बिग डील." काकूंनी बुडबुडे काढले. वर्षभरात तरंगायला लागल्या, तीन वर्षांत न थांबता पूलच्या चार फेऱ्या मारायला लागल्या. मराठी मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला विचारायच्या, "तुम्ही पोहता का हो?"

मागच्या सप्टेंबरमध्ये दोघं निघाले. जवळच अ‍ॅशबर्नला राहणारी त्यांची मुलगी अंतराही आठवड्याची सुट्टी टाकून बरोबर गेली. बालोसच्या आधीचा रस्ता नुसता खडीचा, एका बाजूला कडा. वळणावर एक बकरी गाडीसमोर येऊन उभी राहिली आणि हॉर्न दिला तरी ढिम्म हलेना. रवींद्रकाका उतरून तिला चक्क मराठीत "हो बाजूला, बाई" म्हणाले, तेव्हा कुठे ती गेली. गाडी लावून तिघं पायवाटेने उतरायला लागले. एका वळणावर ते पाणी एकदम समोर आलं, काकूंनी फोटोत पाहिलं होतं त्याहून मोठं आणि वाऱ्याने थरथरणारं. काकू कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मागून येणारे लोक वळसा घालून पुढे जात होते.

खाली पोचल्यावर त्यांनी गॉगल चढवला, टोपी घातली आणि ऐटीत पाण्यात शिरल्या. दहा पावलं गेल्या, पाणी घोट्यापर्यंत. तीस पावलं गेल्या, गुडघ्यापर्यंत. पन्नास पावलं झाली तरी गुडघ्यापर्यंतच.

"आई, सिरियसली?" अंतरा काठावर पोट धरून हसत होती. "तीन वर्षं प्रॅक्टिस केलीस यासाठी?"

काकूंचा चेहरा पडला. मग त्यांनाही हसू फुटलं आणि त्या आहे तिथेच पाण्यात फतकल मारून बसल्या.

एवढ्यात मागून चुबुक चुबुक आवाज आला. वळून बघतात तर रवींद्रकाका! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात.

"अहो, तुम्ही?"

"तळ दिसतोय ना," ते म्हणाले. "तळ दिसला की मला काही प्रॉब्लेम नाही. आणि पाणी गरम आहे गं!"

लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली होती आणि दोघं पहिल्यांदाच एकत्र समुद्रात होती. हात धरून तासभर नुसती चालत राहिली. पायाखालच्या वाळूत गुलाबी झाक होती. काका मधेच थांबून, वाळूचा हा बांध लाटांनी कसा तयार झाला असेल ते समजावत होते. काकूंना त्यातलं फारसं ऐकू येत नव्हतं, वारा इतका होता.

त्याच वाऱ्याने काकांची हॅट उडवली. हॅट पाण्यावरून घसरत घसरत पलीकडे, जिथे रंग एकदम गडद निळा होतो तिकडे निघाली.

"जाऊ दे, पद्मा!" काका ओरडले. पण काकू तोवर पोहायला लागल्या होत्या.

मग पायाखालचा तळ गेला. इथे धरायला काठ नव्हता, तळाशी पूलमधल्यासारख्या रेघा नव्हत्या. त्यांनी तोंड पाण्यात घातलं, बुडबुडे सोडले आणि हात मारत राहिल्या. वीसेक हातांवर हॅट सापडली. ती डोक्यावर चढवून, मान वर काढून त्या परत फिरल्या, तर काका छातीभर पाण्यात उभे. शर्ट भिजलेला, चष्म्यावर थेंब, दोन्ही हात पुढे केलेले.

"अहो, कुठवर आलात बघा!"

काकांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आता मी मागे कसा वळू?"

"मला धरा," काकू म्हणाल्या. "आणि पाय टेकवत चला. मी आहे."

काका चालत आणि काकू शेजारी पोहत, असे ते दोघं हळूहळू उथळ पाण्यात आले. काठावर अंतरा टॉवेल घेऊन उभी होती. ती आता हसत नव्हती.

"बाबा, आर यू ओके?"

"एकदम," काका म्हणाले. मग काकूंकडे वळून जरा हळू आवाजात विचारलं, "ते तोंडातून बुडबुडे कसे काढतात, ते दाखव ना."

गुडघाभर पाण्यात दोघं समोरासमोर बसली. काकांनी चष्मा काढून लेकीकडे दिला आणि नाक दाबून तोंड पाण्यात घातलं.