आप्पांची इटली

समस्त नाशिककरांना, आणि विशेषेकरून जेलरोड, नाशिकरोड व एकलहरे परिसरातील सुज्ञ नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमचे थोरले बंधू आप्पा यांनी साठी उलटून गेल्यावर, पासपोर्ट नसताना आणि नाशिक जिल्हा न सोडता, इटली या देशात विद्यार्थी म्हणून वास्तव्य केले होते. त्या काळात ते बेकरीबाहेर, लग्नमंडपात किंवा द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये विचित्र अवस्थेत कुणाला आढळले असल्यास कुटुंबीय दिलगीर आहेत. कुटुंबीय म्हणजे मुख्यतः मी.

आप्पांची सारी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथलं एक वाक्य ते घरी घेऊन आले आणि मरेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही: "आधी ट्रायल, मग लोड." यंत्र दुरुस्त होऊन आलं की आधी मोकळं चालवून बघायचं, मगच त्याच्यावर भार टाकायचा. यंत्राचं ठीक आहे हो! पण आप्पा नवी छत्री आणली की ती उघडून शॉवरखाली उभे राहायचे. बाहेरून वहिनी ओरडायच्या, "अहो, आंघोळ चाललीय का बाजाराला निघालात?" भाच्याच्या लग्नाआधी नवरदेवाची घोडी बुजरी आहे असं कुणीतरी म्हणालं, तर हे स्वतः घोडीवर बसून जेलरोडला चक्कर मारून आले. मी मान खाली घालून मागून चालत होतो. पानवाला हात जोडून म्हणाला, "आप्पा, अभिनंदन! पण वहिनींना माहितीय ना?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आप्पा मीटरवरचा आकडा जसा असेल तसा लिहीत. वरचा साहेब म्हणायचा, जरा कमी लिहा, उगाच चौकशी लागेल. आप्पा म्हणायचे, "साहेब, काटा दाखवतो ते मी लिहितो. तुम्हाला दुसरं पाहिजे असेल तर काट्याशी बोला." यापायी त्यांचं एक प्रमोशन हुकलं. त्याची त्यांना खंत नव्हती. आमच्या वडिलांना होती, आणि ती ते जेवताना बोलून दाखवत.

तर माझी मुलगी सई. आर्किटेक्ट झाली आणि तिनं ठरवलं की जुन्या इमारती कशा जपायच्या याचं पुढचं शिक्षण इटलीत घ्यायचं. पाच विद्यापीठांत अर्ज केले आणि घरात वाट बघण्याचा सीझन सुरू झाला. वाट बघणं हे काम इतकं दमवणारं असेल असं मला वाटलं नव्हतं. सईचा मोबाइल टेबलावर पालथा पडलेला असायचा आणि सई, बायको आणि मी त्याच्याकडे न बघण्याचा अभिनय करत वरण-भात खायचो. आप्पा खालच्या मजल्यावर राहत. रोज सकाळी जिन्यातून त्यांची हाक यायची, "सई, काटा हलला का?" सई कठड्यावरून वाकून म्हणायची, "नाही हो आप्पाकाका." दोन ठिकाणांहून नकार आले तेव्हा ती वाकली नाही, आतूनच ओरडली. आप्पा त्या दिवशी जिना चढून वर आले, तिच्यासमोर बसले आणि मटार सोलून गेले.

याच दिवसांत मी एक भाषण केलं. भाषण करायला मला निमित्त लागत नाही. मी सोफ्यावर उभा राहून जाहीर केलं की तिकडची फी फारशी नाही हे मान्य, पण राहण्या-खाण्याचा खर्च महिन्याला मी सांगतो त्याच्या आत बसला पाहिजे. "एक युरो वर गेला, तर पत्र आलं तरी जायचं नाही. इथेच नोकरी बघायची!" माझं उत्पन्न, घराचा हप्ता, सगळं मोजून काढलेला आकडा होता तो. दोन दिवसांनी सईनं आराखडा आणून दिला. खोली, बसचा पास, फोन, जेवण. बेरीज माझ्या आकड्याच्या आत, अगदी कट टू कट. मी खूश! पोरीला हिशेब कळतो म्हणून मी चार ठिकाणी सांगत सुटलो.

आप्पांनी आराखडा चष्मा कपाळावर ढकलून वाचला आणि विचारलं, "ट्रायल घेतली का?"

झालं. वहिनींच्या घरात इटली उगवली. खोलीभाडं आणि बसचं सोडून देऊ, जेवणाची ट्रायल घेऊ, असं आप्पांनी ठरवलं. तिकडच्या दुकानाच्या वेबसाइटवर सईला भाव बघायला लावले. तिनं जेवणासाठी धरलेल्या पैशांत तिकडे आठवड्याला किती तांदूळ, किती डाळ, किती ब्रेड, किती दूध येतं ते काढलं आणि तेवढाच जिन्नस वेगळ्या डब्यांत भरून घेतला. पास्त्याऐवजी जाड शेवया. निकाल येईपर्यंत दर आठवड्याला एवढंच शिजवायचं, स्वतः शिजवायचं, वहिनींच्या पातेल्याला हात लावायचा नाही. सई म्हणाली, "आप्पाकाका, कशाला हे? सोडा ना." ती तेव्हाच रडवेली झाली होती. मला वाटलं, माझ्यासारखीच तिलाही लाज वाटतेय.

आणि लाज वाटण्यासारखंच होतं सगळं! तिकडचे विद्यार्थी संध्याकाळी उरलेला ब्रेड स्वस्तात घेतात असं सई एकदा बोलून गेली, तर हे रोज नाशिकरोडच्या बेकरीबाहेर दुकान बंद व्हायच्या सुमाराला उभे. "आज राहिलेलं काही आहे का?" बेकरीवाला वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्यानं एक दिवस मला बाजूला घेऊन अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना? नाही म्हणजे, आप्पांना देतो मी, पैशाचं काही नाही..." मी त्या दिवशी रिक्षा न करता चालत घरी आलो, तेही मागच्या गल्लीतून.

इटलीच्या उत्तरेला थंडी पडते म्हणून सईच्या जाकिटाची ट्रायल झाली ती एका मित्राच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. द्राक्षांचा हंगाम. पेट्यांच्या थप्प्यांमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून काका-पुतणी बसली आहेत, काकांच्या मांडीवर घड्याळ. दारात कामगारांची गर्दी. त्यातल्या एका बाईनं मला विचारलं, "दादा, ह्यो एक्सपोर्टचा माल हाय का लोकलचा?" आतून आप्पा कुडकुडत म्हणाले, "मी लोकल! ही जाणार!"

पण खरा कहर कळवणला झाला. आमच्या चुलत बहिणीच्या घरचं लग्न. मंडपात जिलेबी, मसालेभात, वांग्याची भाजी, आणि आमचे थोरले बंधू मांडव सोडून कडेच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या डब्यातल्या शेवया खातायत. लग्नघरी पाहुणा जेवला नाही याचा अर्थ आपल्याकडे एकच. मुलीचे वडील धावत आले, पागोट्याचा शेमला सावरत. "आप्पा, काय चुकलं आमचं? मानपान ऱ्हायला का? टोपी-टॉवेल नाय पोचला का?"

"चुकलं काही नाही हो," आप्पा म्हणाले, "मी सध्या इटलीत आहे."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, दया होती. "लय दिवस झाले का असं व्हतंय?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांनी आप्पांना पुन्हा एक टोपी आणि एक टॉवेल दिला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. आप्पांनी मात्र टॉवेल निरखून पाहिला आणि म्हणाले, "घट्ट विणलाय. सईला देऊ."

हळूहळू आप्पांची गालफडं बसली. पँट ढिली झाली. वहिनी कुरकुरायच्या, "रात्री नुसती कूस बदलतात." मी विचारायचो, "आप्पा, पुरतं ना?" ते म्हणायचे, "पुरतं रे. उलट थोडं उरतं." मी टाळी वाजवून म्हणायचो, "वा! युरोप मानवला तुम्हाला!" हा विनोद मी पुष्कळदा केला. सई तेव्हा उठून आत जायची. ती आत का जाते, हे मी एकदाही विचारलं नाही.

आता सई तिकडे आहे. कुठल्याशा जुन्या चर्चच्या भिंतीचा चुना खरवडते आणि त्याबद्दल फोनवर तासभर बोलते. आप्पा गेल्या थंडीत गेले, झोपेतच. त्या जुन्या उपासमारीचा याच्याशी काही संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी वहिनींनी त्यांना पुन्हा विचारलं, आणि मी वहिनींच्या मागे उभा राहून तिसऱ्यांदा विचारलं. एकलहऱ्याची जुनी माणसं भेटायला आली होती. जो तो तेच सांगत होता: आप्पांनी उभ्या जन्मात खोटं रीडिंग लिहिलं नाही. मी मान डोलावत होतो आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. का, ते सांगून थांबतो.

निकाल आला तो मे महिन्यातल्या एका संध्याकाळी. सई मोबाइल हातात धरून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, मिळालं." बायको रडायला लागली, मी पेढे आणले, बिल्डिंगमधली सगळी माणसं आमच्या हॉलमध्ये जमली. इतके प्रेक्षक समोर असताना मी गप्प बसेन? सोफ्यावर चढलो. "मंडळी! आज सत्कार सईचा नाही. सत्कार या महापुरुषाचा! माझ्या मुलीच्या खर्चाच्या आराखड्यावर हा माणूस इतके दिवस जगून दाखवतोय. एक युरो वर नाही! बघा, कसा सडपातळ झालाय!" हशा. टाळ्या. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मांडीवर पेढ्यांची बशी होती, आणि ती मघाशी भरलेली होती.

"बाबा, पुरे," सई म्हणाली.

टाळ्या पडत असताना मी थांबत नाही. "आप्पा, उभे राहा! सांगा सगळ्यांना. पुरतं की नाही?"

आप्पा बशी खुर्चीत ठेवून उभे राहिले. एका हातानं पँटची कंबर धरली होती, दुसऱ्या हातात पेढा. फरशीकडे बघत ते म्हणाले, "पुरतं."

"नाही पुरत!" सई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्यांचं बाळ दचकलं. "बाबा, नाही पुरत. तुमच्या आकड्यात बसावं म्हणून मी जेवणाचे पैसे निम्मेच धरले होते. मला वाटलं, तिकडे गेल्यावर बघू कसंतरी. मला काय माहीत काका ते खाऊन बघतील! मी त्यांना किती वेळा म्हटलं सोडा, पण खरं सांगायचं धाडसच झालं नाही."

मी अजून सोफ्यावरच उभा होतो. उतरायचं सुचलं नाही. सुचलं ते हे, "पण आप्पा, तुम्ही तर रोज म्हणत होता की उरतं..."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी सईकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, हातातला पेढा बशीत परत ठेवला, आणि माझ्या सबंध आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून म्हणाले:

"अरे, पहिल्याच आठवड्यात फेल गेली होती ट्रायल! पण तुला खरं सांगितलं असतं, तर तू तिला पाठवली असतीस का?"