खिडकीतून ऐकलेली शर्यत

दार अर्धंच उघडायचं, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवायचा, कान घराकडे लावायचा आणि म्हणायचं, "हं, सांग पटकन." टिलबर्ग या डच शहरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंना मी चार वर्षं याच पवित्र्यात पाहिलं. आत या, असं त्या म्हणत नसत, आणि बाहेर येणं तर शक्यच नव्हतं.

आत त्यांचे यजमान असायचे. ते आणि मी आइंडहोव्हनच्या एकाच कंपनीत. एका सकाळी मीटिंगमध्ये त्यांच्या हातातला पेन गळून पडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. माणूस वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं "हो" आणि "अगं" एवढ्यावर आलं. शिवाय एक नवीनच खोड लागली, कुणाचं लक्ष नसलं की दार उघडून चालू लागायचे. एकदा पाय ओढत ओढत पार कालव्यापर्यंत गेले होते. तेव्हापासून ताई त्यांना एकटं सोडत नसत. नाशिकचे दीर फोनवर म्हणत, "तिकडेच बरं आहे वहिनी, सोयी आहेत." सोयी होत्या हे खरंच. त्यामुळे परत जायचा विषयही संपला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांचं कौतुक करतो, 'किती करते हो' म्हणतो आणि आपापल्या घरी जातो. मीही तेच करत होते.

एका शनिवारी संध्याकाळी त्यांना वाटीभर आमटी द्यायला गेले, तर दार सताड उघडं. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत डोळे मिटून उभ्या. वाऱ्यावर दुरून घुंईऽऽ असा आवाज येत होता.

"चार गाड्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातली एक मिसिंग मारतेय. कार्बोरेटर साफ केला नाही मेल्यानं."

मी बघतच राहिले. नाशिकरोडला त्यांच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. कॉलेज सुटलं की त्या तिथेच असायच्या. गाडी फाटकातून आत यायच्या आधी काय बिघडलंय ते सांगायच्या म्हणे. आवाज येत होता तो नऊ किलोमीटरवरच्या एका गावातून. तिथे मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती चालतात.

मी दोन तिकिटं काढली. ताई तीनदा नाही म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, "नऊच्या आत परत आलं पाहिजे." पाच ते नऊ थांबायला एक डच मदतनीस बाई मिळाली. निघताना ताईंनी तिला औषधं दाखवली, दाराची वरची कडी दाखवली, मग पुन्हा औषधं दाखवली.

ट्रॅकवर पोचलो आणि त्यांचा चेहराच बदलला. लाल, निळं, पांढरं, पिवळं अशी चार हेल्मेटं. ना ब्रेक, ना बदलायचे गिअर. वळणावर मागचं चाक आडवं घसरत जायचं आणि माती थेट आमच्या अंगावर. मी ओढणीनं तोंड झाकलं. ताईंनी ओठांवरची माती पुसलीसुद्धा नाही.

"निळा दुसरी फेरी पूर्ण करत नाही," गाड्या सुरू होतानाच त्या म्हणाल्या. दुसऱ्या फेरीत निळा थांबला. शेजारी एक म्हातारे डच आजोबा कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक शर्यतीचे गुण लिहीत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, "आता कोण?" ताईंनी मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं. तेही बरोबर आलं. आजोबांनी पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहा." ताई हसल्या. त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आठच्या सुमारास दोघं एकमेकांवर आदळले. एकाला ॲम्ब्युलन्समधून नेलं, आणि ती परत येईपर्यंत शर्यत सुरू करता येत नाही, असा नियम. सगळे शांतपणे फ्राइट, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, खात उभे. मी म्हटलं, निघू या. गाड्या लावायच्या कुरणात जाऊन पाहिलं तर आमच्या गाडीच्या पुढे दोन रांगा, मागे तीन. गाड्यांचे मालक त्या गर्दीत कुठेतरी. स्वयंसेवकानं खांदे उडवले, "शेवटची शर्यत झाल्यावरच मोकळं होईल."

साडेआठ. ताईंनी फोन लावला. मदतनीस म्हणाली, फार तर सव्वानऊपर्यंत थांबेन, पुढे दुसरा रुग्ण आहे.

"थांबेल हो ती, अशी टाकून थोडीच जाईल?" मी म्हटलं.

"तुला काय माहीत?" ताई ओरडल्या. "ते चालायला लागतात गं! कालवा आहे तिथे!"

आजोबा आमच्या मागोमाग आले होते. भाषा कळली नसली तरी चेहरा कळला असावा. त्यांनी खिशातून किल्ली काढली. "फाटकाशी माझी सायकल आहे. हिरवी." ताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि गेल्या. सायकल उंच होती, सीटवर बसल्यावर पाय जमिनीला पुरत नव्हते. जूनचं ऊन अजून होतं. मक्याच्या शेतांमधून त्यांची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

त्या घरी पोचल्या तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मदतनीस चिडलेली, पण थांबली होती. यजमान झोपले होते. सायकल मी दुसऱ्या दिवशी परत दिली.

त्यानंतर मी दोनदा विचारलं. "नको गं," एवढंच म्हणाल्या. शनिवारी त्यांची खिडकी बंद दिसू लागली.

नोव्हेंबरात त्यांना डीमन या दुसऱ्या गावात तळमजल्यावरचं घर मिळालं. निघायच्या दिवशी यजमानांना टॅक्सीत बसवून त्या वर माझ्याकडे किल्ली द्यायला आल्या, आणि कधी नव्हे ते आत येऊन खुर्चीवर बसल्या.

"त्या दिवशी मला उशीर का झाला माहितीये?" त्या म्हणाल्या. "कालव्यापाशी रस्ता फुटतो ना, डावीकडे घर, उजवीकडे स्टेशन. तिथे मी उतरले. पर्समध्ये ट्रेनचं कार्ड होतं. नुसती उभी राहिले."

"मग?"

"मग काय. मागून एक सायकलवाला आला, त्यानं घंटी वाजवली. मी रस्त्यातच उभी होते ना. घाईनं बाजूला झाले, ती डावीकडे झाले. तशीच निघाले पुढे." त्या किल्लीकडे बघत होत्या. "तो आला नसता तर काय केलं असतं, ते मला अजून माहीत नाही."

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. ताई उठल्या आणि भरभर जिना उतरल्या. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी आधी यजमानांच्या सीटचा पट्टा ओढून पाहिला, त्यांची लुळी पडलेली पाचही बोटं एकेक करून मांडीवर सरळ ठेवली, आणि मग शेजारी बसून स्वतःचा पट्टा लावला.