बाच्या पोटावरची खूण

नर्सिंगला निघाले तेव्हा बा सूर्यमाळहून खोडाळ्यापर्यंत जीपनं सोबत आला होता. एसटी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "तिकडं पोटभर पाणी पी." आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी आधी गुरांना, मग पोरांना. तो स्वतः तांब्याभरावर दिवस काढायचा.

आता मी ठाण्यात ऑपरेशन थिएटरला आहे. बाची कंबर वर्षानुवर्षं दुखत होती, हे मला कुणी कळवलंच नाही. भाऊ त्याला घेऊन आला तोवर खड्यांनी डावी किडनी आक्रसून निकामी झाली होती. आमच्या सरांनी ती बेंबीतल्या एकाच लहान छेदातून काढली. दुर्बीण, अवजारं, सगळं त्याच वाटेनं. घरचं माणूस म्हणून मला आत घेतलं नाही. टाके बेंबीच्या वळीत लपले. मी कौतुकानं गावी फोन केला, "व्रणसुद्धा दिसत नाही!"

पण उजवी किडनीही खराब होत गेली. डायलिसिस सुरू झालं. बा माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा. "आता नागलीची रोपं काढत असतील." मग एके दिवशी दवाखान्यात जायलाच तयार होईना. "मशीनवर जगून काय करू इथं? मला घरी ने."

मी समजावलं, भांडले, रडले. शेवटी नेलं. लावणीला माणसं गेली होती, त्या दुपारी तो गेला.

अंघोळ घालताना काकानं त्याचं पोट, पाठ निरखून पाहिली. "कापल्याची खूणच नाय. ऑपरेशन झालंच नाय. पोरीनं नुसता मशीनला लावून ठेवला." मी बेंबी उघडून दाखवू लागले, तर बायकांनी माझा हात धरून बाजूला केलं. रात्री आईनं हळूच विचारलं, "खरं सांग, काढली होती का गं?"

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना तरी हे कळेल. भाऊ अधूनमधून फोन करतो, आई बोलायला येत नाही. ठाण्याची खोली मला कधीच घर वाटली नाही, आणि पाड्यावर मी बापाला फसवणारी पोरगी. सुट्टीच्या अर्जावर 'घरी जाणे' असं लिहिते. मग तो अर्ज देतच नाही.