खुर्चीवर मोबाईल ठेवून पोरगी पाहिली

माझा धाकटा मुलगा सिंगापूरच्या बंदरात कामाला आहे. तिथं येणाऱ्या मोठ्या जहाजांना इंधन म्हणून गॅस भरतात. हा ज्या लहान जहाजावर आहे ते गॅस घेऊन मोठ्या जहाजाच्या अंगाला जाऊन लागतं, मधे जाड नळी जोडतात आणि भरायला सुरुवात करतात. आठ-दहा तास जातात. तेवढा वेळ मोबाईल खोलीत बंद करून ठेवायचा, कारण एक ठिणगी पुरे असते. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला हे ओट्यावर बसून सांगितलं. माझं शिक्षण चौथी, पण मला समजलं.

त्याचं वय तेहेतीस. धाड गावात आमचं घर पक्कं आहे, बागायती आहे, त्याचा पगार चांगला आहे. तरी चार ठिकाणांहून नकार आला. सगळे एकच विचारायचे, मुलगा नेमकं करतो काय? माझा थोरला मुलगा सांगायचा, जहाजावर आहे. कॅप्टन आहे का? नाही. इंजिनिअर? नाही. मग काय? इथं थोरला बागायतीचं सांगायला लागायचा.

पाचवं स्थळ देऊळगाव राजाचं. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, खाजगी शाळेवर शिकवते. तिचा फोटो पाहून धाकट्यानं पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "कधी जाता मंग?" म्हणून हे जमावं असं मला वाटत होतं. त्याच्या सुट्टीला चार महिने होते आणि मुलीकडचे तेवढे थांबणार नव्हते. तेव्हा मध्यस्थानं, म्हणजे थोरल्याच्या साडूनं, तोड काढली. आम्ही जायचं आणि मुलानं मोबाईलवर पोरगी पाहायची. त्या दिवशी दुपारी साडेबाराला अमावस्या लागत होती, त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. धाकटा म्हणाला, गॅस रात्रीतून भरून होईल, दुपारी मी मोकळाच आहे.

सकाळी जीपमध्ये बसतानाच त्याचा निरोप आला. थोरल्यानं वाचून दाखवला. "रातभर इकडं विजा चमकून राह्यल्या होत्या, काम बंद होतं. आता नळी लावून राह्यलो. फोन आत ठेवतो. बारापर्यंत होत नाही. पुढं ढकला."

मी म्हटलं, "ढकला मग."

"मावशी, तुम्ही काहीबी बोलता," साडू म्हणाला. "तिकडं पोहे भिजले असतीन. आज नाही म्हटलं का उद्या ते दुसऱ्याले पोरगी दाखवतीन. होते हो बारापर्यंत. गॅस भराले असा कितीक वेळ लागते?"

"आठ-दहा तास लागते."

माझं कोणी ऐकलं नाही. जीप निघाली.

मुलीच्या घरी बैठकीत आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. एक मुलासाठी रिकामी होती. मुलीच्या वडिलांनी त्या खुर्चीवर उशी उभी केली आणि उशीला थोरल्याचा मोबाईल टेकवला. पोहे वाटणाऱ्या बाईनं हाताच्या ओघात त्या खुर्चीपुढंही एक प्लेट ठेवली. मुलीला समोर बसवलं. थोरला उठून व्हिडिओचा फोन लावायचा, तो नुसता वाजायचा. समोरून उचलला नाही की आपलंच तोंड दिसतं त्यात. मुलीला पाहायला तिचंच तोंड होतं. ती थोडा वेळ पाहत बसली, मग मान खाली घातली.

तिचे मामा हसून म्हणाले, "जावईबापू लईच कामात दिसतात. करतात काय म्हणे?"

"जहाजात गॅस भरते," साडू म्हणाला.

"आमच्या गल्लीत बी एकजण घरोघर गॅस पोचवतो. तो तरी फोन उचलतो की!"

सगळे हसले. आमचा थोरलाही हसला. माझं डोकं तापलं.

"ते सिलिंडर नाही, भाऊ," मी म्हटलं. "तो गॅस इतका थंड करते का त्याचं पाणी होते. बर्फ काहीच नाही त्याच्यापुढं. त्याचा थेंब लोखंडावर पडला तं लोखंड तडकते. म्हणून भरताना जहाजाच्या अंगावरून सारखं पाणी सोडून ठेवते. माझा पोरगा नळीपाशी उभा राह्यते. काही बिघडलं का बटन दाबून सगळं बंद करणं त्याच्या हाती. असं काम कोणाच्याबी हाती देत नाही."

मामांनी पोह्यांत चमचा घातला. मला वाटलं, मी जिंकले.

मुलीनं मान वर केली. "काकू, नळीच सुटली तर? बटन दाबेपर्यंत आतला गॅस कुठं जातो?"

"ते मले माहीत नाही, बाई. त्याले विचारजो."

तेवढ्यात दारातून तिची आई बोलली, "लोखंड तडकतं म्हणता, आणि तुमचा मुलगा तिथंच उभा?"

"हो."

"अहो, मग माणसाचं काय होत असेल?"

हे मीही त्याला ओट्यावर विचारलं होतं. कपडे जाड असतात, एवढंच तो म्हणाला होता. मी तेच सांगितलं. सांगतानाच मला कळलं की ते पुरत नाही. त्या बाईच्या जागी मी असते तर मलाही पुरलं नसतं.

त्यानंतर कोणी फोन लावला नाही. सव्वाबाराला मुलगी आत गेली. खुर्चीपुढची पोह्यांची प्लेट कोणीतरी उचलली. वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "कळवतो."

आम्ही घरी पोचल्यावर संध्याकाळी त्याचा फोन आला. व्हिडिओत त्याच्या कपाळावर कामावरच्या टोपीचा वळ तसाच दिसत होता.

"काय झालं, आई?"

"कळवतो म्हणले."

"मी तं सांगतलं होतं ढकला म्हणून."

"मीबी सांगतलं होतं."

त्यानं कपाळावरचा वळ चोळला. मग म्हणाला, "पोरगी काही बोलली का?"

तिनं नळीचं काय विचारलं ते मी सांगितलं. "असं विचारलं? तिनं?" त्याचा चेहरा उजळला. मग तो सांगत सुटला. नळीला मधे एक जोड असतो. जास्त ताण बसला की तो आपोआप सुटतो आणि दोन्हीकडची तोंडं मिटतात. सांडला तरी थोडा सांडतो. हातानं जोड करून दाखवला, सोडून दाखवला. "हे तिले सांगशीन," म्हणाला. मी हो म्हटलं. सांगणार कशी? तिचा नंबर आम्हाला कोणी दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी साडूचा फोन आला. मुलीची आई नाही म्हणते. पोरगी तयार होती, असंही तो म्हणाला, पण त्याचा काय भरवसा.

थोरला म्हणाला, "त्याले आत्ता सांगू नको. नळीपाशी उभं राहाचं असते. डोक्यात दुसरं काही नको."

ते बरोबरच होतं. म्हणून त्याचा फोन आला की मी आधी विचारायची, "आज भराचं आहे का?"

"आहे. का बरं?"

"असंच."

एखाद्या दिवशी काम नसलं तर दुसऱ्या दिवशी असायचं. तो विचारायचा, "कळवलं का त्यांनी?" मी म्हणायची, "नाही अजून." मला खोटं नीट बोलता येत नाही, आवाजावरून कळतं. थोरला तिथंच बसून माझ्याकडं पाहायचा.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तो स्थळाचं काही विचारतो का म्हणून मी थांबले. "जेवली का?" म्हणाला. मी हो म्हटलं. मागून कोणीतरी त्याला हाक मारली. "जहाज लागलं," म्हणाला आणि फोन ठेवला.