शनिवारऐवजी नळाचा आदला दिवस

संस्कृत पाठशाळेत शिकलेल्या माणसाचे हिवताप विभागात काय काम, असे अमरावतीचे माझे सोयरे पुष्कळ वर्षे विचारीत. मी आरोग्य खात्यासाठी पत्रके लिही, भिंतींवर मजकूर रंगवून घेई आणि वस्त्यांतून फिरून लोकांशी बोले. ते कार्य मला नित्यपूजेइतकेच नेमाचे वाटे. कपाळावरचे गंध पाहून लोक मला गुरुजी म्हणत.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी डेंग्यूची साथ आली म्हणून मला अकोल्याला पाठविले. बुद्धविहारामागच्या गल्लीत एका आजीबाईंची आठ वर्षांची नात नुकतीच त्या तापातून उठली होती. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर तो अधिक जड जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे आजींच्या मनाला घोर लागला होता. गल्लीत घरोघर आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंसह मी त्यांच्या दारी गेलो तो शनिवार होता. माझ्या पत्रकाप्रमाणे शनिवार म्हणजे कोरडा दिवस : साठविलेले पाणी सांडून भांडी घासावीत व वाळवावीत.

आजींनी नातीकडून पत्रक वाचून घेतले.

"गुरुजी, नळ कवा आला मालूम हाय?"

"नाही, आजी."

"काल आला. आठ रोजानं. अन् आज तुमी म्हंता सांडा. मंग पोरीले आंघोळ काय तुमच्या कागदानं घालू?"

शेजारणी हसल्या. आशाताईंनीही पदर तोंडाला लावला. माझ्या घरी बारमाही विहीर. पत्रक लिहिताना नळाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

आशाताईंनी ड्रममध्ये बॅटरीचा उजेड पाडला. अळ्या वळवळत होत्या.

"हे त पाण्यातले किडे," आजी म्हणाल्या. "यायले पंख कुठं हायेत?"

आशाताईंनी वाद घातला नाही. थोड्या अळ्या पाण्यासह काचेच्या बरणीत घेतल्या, तोंडाला पातळ फडके बांधले आणि बरणी आजींच्याच हाती दिली. "तुमीच पाहा रोज. फडकं मात्र सोडू नका."

ड्रमचा प्रश्न उरलाच. डासांची अंडी आतल्या कडेला चिकटतात. घासल्याशिवाय ती जात नाहीत. पाठशाळेत आम्ही प्रातःकाळी विहिरीचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळून भरीत असू, ते मला आठवले. "पाणी सांडू नका," मी म्हणालो, "लुगड्यातून गाळून दुसऱ्या ड्रममध्ये घेऊ, हा घासू, आणि वाळला की पुन्हा भरू."

"मंग हे पयले सांगाचं ना. काहून सांडा-सांडा लावलं व्हतं?"

शेजारच्या घरातून रिकामा ड्रम आला. लुगड्याचे एक टोक माझ्या हाती देऊन आजी बादलीने पाणी ओतू लागल्या. माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले.

"नीट धरा, गुरुजी. आरतीचं ताट नोय हे."

चार दिवसांनी आशाताईंचा फोन आला. बरणीत डास उडत होते. आजींनी बरणी ओट्यावर मांडली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून त्या सांगत होत्या, "माह्याच ड्रमातले हायेत. आता तुमचा दाखवा." मग बायांनीच ठरविले की शनिवारचे काही कारण नाही; नळ येण्याच्या आदल्या दिवशी ड्रममध्ये पाणी कमी असते, तेव्हाच गाळावे आणि घासावे. मी पत्रकातला शनिवार खोडला आणि बायांचा नियम त्यांच्याच शब्दांत लिहिला.

पुढे साथ ओसरेपर्यंत मी त्या गल्लीत जात राहिलो. शेवटच्या फेरीत एकाही ड्रममध्ये अळी सापडली नाही. आजींची नात शाळेच्या गणवेशात दारात उभी होती. त्या मोसमात तिला पुन्हा ताप आला नव्हता. आजींनी पेला भरून आणला.

"त्याच ड्रमातलं हाय, गुरुजी. उकळून गार केलं, भेऊ नका."

मी ते पाणी प्यालो आणि आणखी अर्धा पेला मागून घेतला.