घोंगडीची नाडी

त्या डॉक्टरांचं वाटोळं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा होती, आणि त्याला मी माझा हातही लावला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला देवमाणूस समजायला नको. नर्स म्हटलं की लोकांना पांढरी साडी आणि गोड हसू दिसतं. माझ्या पोटात तेव्हा सहा महिने डूख धरलेला होता आणि साडी मात्र रोज पांढरीच होती.

तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, आठ खाटांचा सरकारी दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही. खापरच्या बाजाराला जाणारी माणसं आमच्या दारावरून जात, एवढं पुरे. डॉक्टर एक, परिचारिका मी एक, आणि एक शिपाई. मी खाली सपाटीवरच्या शेतकरी घरातली, मिशनच्या इस्पितळात तीन वर्षं शिकून आलेली. तिथल्या मेट्रनने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. एक, आधी डोळ्यांनी पाहायचं, मग हात लावायचा, मग विचारायचं, आणि त्यानंतरच लिहायचं. न पाहिलेलं लिहायचं नाही. दोन, डॉक्टरांच्या हुकमाबाहेर जायचं नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसल्या तर काय करायचं, ते काही मेट्रनने शिकवलं नव्हतं.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे. सकाळची नोंद डॉक्टर करत, संध्याकाळची मी. डोंगरातल्या माणसाला आमचे डॉक्टर हात लावत नसत. नाकाला रुमाल लावून उंबऱ्यात उभे राहायचे, खाटांवरून नजर फिरवायची आणि शिपायाने आणून दिलेल्या तक्त्यांवर भराभर लिहायचं. ताप साडेअठ्ठ्याण्णव, नाडी बहात्तर. सगळ्यांची तीच. आठ खाटांवरची आठ हृदयं एकाच तालावर चालणारा तो जगातला एकमेव दवाखाना असावा.

भाद्रपदात डोंगरातून एक पोर बाळंतपणाला आणली. सोबत तिची आई. मूल धड जन्मलं, मुलगा. तिसऱ्या संध्याकाळी मी पोरीच्या कपाळाला हात लावला तर तवा. ओठ सुकलेले, ओटीपोटाला बोट लावू देईना, आणि अंगावरून जाण्याला वास येत होता. थर्मामीटर एकशे तीनवर. असा वास आला की बाळंतज्वर समजायचं, हे शिकलेल्या कुठल्याही नर्सला सांगावं लागत नाही. मी डॉक्टरांच्या घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, थर्मामीटर नीट झटकला नसेल. सकाळी उंबऱ्यातून त्यांनी लिहिलं, साडेअठ्ठ्याण्णव. असं तीन दिवस चाललं. संध्याकाळी माझे एकशे तीन-चार, सकाळी त्यांचे साडेअठ्ठ्याण्णव. तापाच्या चौथ्या दुपारी पोर गेली.

पोरीच्या आईने नातू फडक्यात बांधला आणि डोंगराची वाट धरली. तिच्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही.

मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. डॉक्टरांनी जुना तक्ता फाडला आणि स्वतःच्या हाताने कोरा करकरीत नवा लिहिला. वर कळवलं, की परिचारिकेने तापाची खबर दिली नाही आणि न धुतल्या हाताने बाळंतिणीला तपासल्याचा संशय आहे. माझ्या रोजच्या नोंदी मी एका छोट्या वहीत ठेवत असे. ती मी पुढे केली, तर उत्तर आलं की खासगी वही हे दप्तर नव्हे. माझ्या सर्व्हिस बुकात काळा शेरा पडला. आणखी एक शेरा पडला की मुंबईच्या परिचारिकांच्या रजिस्टरातून नाव कमी, हे सोबत बजावलेलं. नाव कमी म्हणजे पांढरी साडी गेली आणि मी पुन्हा भावाच्या दारात, भावजयीच्या हाताखाली. डॉक्टरांनी मला बोलावून समजूत घातली, तीही हसत हसत.

"बाई, कागदावर जे आहे तेच खरं. बाकीचं सगळं तुमच्या मनातलं. यापुढे तक्त्याला हात लावायचा नाही, चादरी तेवढ्या बदला."

मी बरं म्हटलं. चादरी बदलल्या. पण ते वाक्य मी नीट घडी घालून ठेवलं.

होळीच्या आधी काही दिवस तीच आई पुन्हा आली. लाकडं फोडताना कुऱ्हाड पावलावर बसलेली. लेक जिथे मेली त्या दाराशी ती कशी आली, याचं मला नवल वाटलं. ती म्हणाली, मी तुझ्याकडे आले आहे, त्याच्याकडे नाही. तिला सहा नंबरची खाट दिली. रोज सकाळी मी जखम धुऊन पट्टी बदलायची, आणि डॉक्टर उंबऱ्यातून तिची नाडी बहात्तर लिहायचे.

सात-आठ दिवसांत जखम भरायला लागली, आणि होळी आली. होळीला डोंगरातला माणूस खाटेवर राहत नाही. तिकडे दिवाळीपेक्षा होळी मोठी. त्यात नातवाची ही पहिली होळी. डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीच्या आधीच ती उठून बसली.

"बाई, मी जाई ऱ्हायनी. मन्ही घोंगडी आठेच ऱ्हाऊ दे. मी येसू."

बाजारात आपल्या जागेवर फडकं टाकून माणूस पाणी प्यायला जातो, तशी तिने जागा राखली. खाटेवर गाठोडं ठेवलं, त्यावर घोंगडी पसरली. मी पट्टी बदलून दिली, जास्तीच्या चिंध्या दिल्या, चौथ्या दिवशी परत ये म्हणून बजावलं. रोगी न सांगता निघून गेला तर परिचारिकेने त्याच दिवशी खबर द्यायची, हा नियम. मग शिपाई गावच्या पाटलाकडे जातो आणि रोग्याला परत आणतो. मी खबर द्यायला निघालेही होते. तेवढ्यात डॉक्टर उंबऱ्यात आले, त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि सहा नंबरच्या तक्त्यावर लिहिलं, ताप साडेअठ्ठ्याण्णव, नाडी बहात्तर.

मी तोंड मिटून घेतलं. अळी मिळी गुपचिळी.

पाचव्या दिवशी जिल्ह्याचे मोठे सर्जन तपासणीला येणार होते, तसं पत्र आलेलंच होतं. डॉक्टर भिंतींना चुना लावून घेण्यात गुंतले होते. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. रोज सकाळी घोंगडीची नाडी बहात्तर. तिसऱ्या दिवशी 'भूक चांगली' असंही लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी चादरी बदलताना मी ती घोंगडी सारखी केली आणि मधे जरा फुगवलीसुद्धा. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

मोठे सर्जन आले. साहेबी टोपी, कमी बोलणारा माणूस. त्यांनी प्रत्येक तक्ता वाचला, सहा नंबरचा जरा जास्त वेळ वाचला. सुधारणा उत्तम दिसते, जखम पाहू, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, झोप लागली आहे, कशाला उठवायचं. तोवर सर्जनांनी घोंगडी उचलली होती. खाली बाजरीच्या पिठाचं गाठोडं आणि एक विळा. सर्जनांनी गाठोड्यावर दोन बोटं ठेवली, दुसऱ्या हाताने खिशातलं घड्याळ काढलं आणि चांगलं मिनिटभर पाहत उभे राहिले. चार नंबरचा म्हातारा खोकल्याच्या निमित्ताने हसला. डॉक्टरांचा चेहरा नव्या चुन्यासारखा झाला.

मग सर्जन माझ्याकडे वळले. खाट कधीपासून रिकामी आहे? मी म्हटलं, चार दिवस. मग सांगितलं का नाही?

"साहेब, कागदावर जे आहे तेच खरं, असं मला इथे शिकवलंय."

मी हे डॉक्टरांकडे बघत म्हटलं. आठवडा व्हायच्या आत त्यांची उचलबांगडी झाली आणि नवे डॉक्टर आले. मला सर्जनांनी पुन्हा असं होऊ नये एवढंच तोंडी सुनावलं. त्या दिवशी मी गूळ घालून लापशी केली आणि दोनदा वाढून घेतली.

पोरीची आई निघाल्यापासून बाराव्या दिवशी परत आली. तिकडे प्रत्येक गावची होळी वेगळ्या दिवशी, आणि नातवाला कडेवर घेऊन ती गावोगाव फिरली होती. चौथा दिवस तिच्या लक्षात राहिला नाही. दवाखान्याच्या पायऱ्या ती बसून बसून चढली. मी चिंध्या सोडल्या आणि वासानेच मला कळलं. आधी पाहायचं, मग हात लावायचा. पाहिलं. दोन बोटं काळी पडली होती.

नव्या डॉक्टरांनी ती कापली. मी पाय धरून बसले होते. खबर दिली असती तर शिपाई दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आला असता, आणि बोटं राहिली असती. हे तिला ठाऊक नव्हतं. तिने फक्त तो रुमालवाला गेला का विचारलं. गेला म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला, आणि मला ते बघवेना.

त्या संध्याकाळी सहा महिन्यांनी मी तक्ता हातात घेतला. ताप एकशे एक. नाडी एकशे दहा. दोन बोटं कापली. 'कारण' या रकान्यात लिहिलं, रोगी निघून गेल्याची खबर परिचारिकेने जाणूनबुजून दिली नाही. खाली सही केली. दुसरा शेरा मी स्वतःच्या हाताने मारून घेत होते, हे मला चांगलं कळत होतं.

"काय लिखी ऱ्हायनी?" तिने विचारलं.

"जे व्हयनं ते."

तिने तक्त्यावर बोट ठेवलं.

"मन्ही पोरनं बी लिखी दे, बाई."

मी ट्रंकेतली वही काढली, पोरीच्या तीन संध्याकाळी कागदावर उतरवल्या, आणि दोन्ही कागद एकत्र वर पाठवले. दोन महिन्यांनी उत्तर आलं. माझं नाव वर्षभरासाठी रजिस्टरातून कमी केलं होतं. ते वर्ष मी भावजयीच्या हाताखाली काढलं, त्याची तक्रार नाही. माझा गुन्हा होता. पण त्या उत्तरात पोरीबद्दल एक ओळ नव्हती. डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात सुखाने नोकरी करून पेन्शनीत गेले. त्यांनी नवा लिहिलेला तक्ता अजून कुठल्या तरी दप्तरात खरा म्हणून पडलेला असेल.

म्हणून इथे लिहिते. तिसरी संध्याकाळ, ताप एकशे तीन, नाडी एकशे वीस. चौथी संध्याकाळ, ताप एकशे तीन, नाडी एकशे तीस. पाचवी संध्याकाळ, ताप एकशे चार, नाडी मोजता येत नाही. तिन्ही वेळा डॉक्टरांना कळवलं.