चौकटीवरची डबी

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात. चाळीस वर्षं त्यांच्याशी संसार केल्यावर सांगते, जगात त्यांचा विश्वास फक्त कुलपावर आहे, तोही स्वतः बसवलेल्या. दुकान बंद केलं की कुलूप तीनदा ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि चौथ्यांदा ओढायला परत येतात. दूधवाला हसला तर दुधात पाणी, शेजारी गोड बोलला तर काहीतरी मागायला आला. मी एकदा चिडून म्हटलं, "माझ्यावर तरी विश्वास आहे का?" तर म्हणाले, "तुझ्यावर आहे गं. तू कोणाशी बोलतेस, त्यांच्यावर नाही."

या स्वभावाचं मूळ मला माहीत होतं. दुकान मूळचं एका ज्यू मालकाचं. माझे सासरे त्यांच्या हाताखाली कारागीर. साठ वर्षांपूर्वी मालक कुटुंबासह देश सोडून गेले. जाताना तोंडी म्हणाले, दुकान आता तुझं, कागद मागाहून पाठवतो. तो कागद काही आला नाही. सासऱ्यांनी मरताना मुलाला एवढंच बजावलं, की दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली डबी आहे, तिला हात लावू नकोस. यांनी हात लावला नाही, पण दर वर्षी चौकटीबरोबर डबीवरही रंग फासला. बोटभर डबीचं आता ओबडधोबड टेंगूळ झालंय.

वाचनालयाच्या मंडळाची सहल ज्यू वारसा संग्रहालयाला जाणार असं कळलं, तेव्हा हे आधी नाहीच म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊ. त्यांच्याकडे काय काय लिहून ठेवलंय ते तरी बघू."

बसमध्ये पिशवी मांडीवर, तिच्या बंदाचे दोन वेढे मनगटाला. पुढच्या बाकावरच्या मास्तरांनी पेपरमिंट दिलं, तर म्हणाले, "हे आजच का वाटतायत?"

संग्रहालय म्हणजे एक जुनं दुमजली घर. आत शिरताच यांनी काचेच्या कपाटाचं कुलूप न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाले, "नावापुरतं आहे. केसातल्या पिनेने उघडेल." दाखवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ. म्हणजे यांचा संशय दुप्पट.

बाईंनी एका दाराच्या चौकटीवरची तिरकी डबी दाखवली. तशीच, फक्त रंग नसलेली. "ही मेझुझा. आत हाताने लिहिलेली प्रार्थना असते. सात वर्षांतून दोनदा उघडून अक्षरं नीट आहेत ना ते तपासतात."

यांनी घसा खाकरला. "आणि घर सोडून गेले तर?"

"सहसा काढून नेतात."

"नाही नेली तर?"

"तर विसरले असतील. किंवा परत यायचं असेल." बाईंनी यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "काका, तुम्ही कुठे बघितली का अशी?"

"छे. आपलं सहज विचारलं."

खोटं बोलताना यांचा कान लाल होतो. बाईंना ते ठाऊक नव्हतं, पण त्या दूधखुळ्याही नव्हत्या.

पुढच्या खोलीत मी एका फोटोपाशी थबकले. आमचंच दुकान. तीच तीन पायऱ्यांची ठेवण, चौकटीवर तिरकी डबी. दारात मालक, त्यांची बायको, आणि शेजारी माझे तरणेबांड सासरे, हातात किल्ल्यांचा जुडगा. खाली चिठ्ठी: हे दुकान कुठलं आहे हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.

मी तोंड उघडणार तोच हे फोटोला पाठ लावून उभे राहिले. मंडळाची सगळी माणसं त्या पायऱ्या चढून किल्ल्या करून नेतात, त्यांनी ओळखायला कितीसा वेळ. हे हललेच नाहीत. मास्तर म्हणाले, "बाजूला व्हा की, बघू द्या." हे म्हणाले, "पाय दुखतोय." पाठ भिंतीला आणि कपाळावर घाम. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. साठ वर्षं ज्या गोष्टीची भीती, तीच पाठीशी घेऊन माणूस उभा होता.

परतायची वेळ झाली. सगळे बसमध्ये बसले. हे खिडकीतून त्या घराच्या दाराकडे बघत होते.

"चिठ्ठी कोणी लिहिली असेल?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? पण शोधतंय कोणीतरी."

"शोधतंय म्हणजे मागणारच." मग जरा वेळाने म्हणाले, "बाबांच्या हातात जुडगा बघितलास? किती ताठ उभे होते." आणि ते उठले. ड्रायव्हरला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा," आणि उतरले. मीही मागोमाग गेले, हे काय करतील याचा मलाच भरवसा नव्हता.

बाई दार लावत होत्या. यांनी दुकानाचा पत्ता सांगितला. मग म्हणाले, "डबी आहे तिथेच आहे. वरचा रंग माझा, मूर्खपणा झाला. आणि एक, दुकानाचा कागद माझ्याकडे नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्याशीही कधी बोलले नव्हते.

बाईंनी पत्ता लिहून घेतला. "फोटो मालकांच्या मुलीने पाठवलाय. लहानपणीच परदेशी गेली, दुकान कुठे होतं ते तिला आठवत नाही. मी तिला कळवते. काय म्हणेल ते मला सांगता यायचं नाही, काका."

"कळवा. पण येणार असेल तर लवकर यायला सांगा. आतली अक्षरं साठ वर्षांत कोणी बघितली नाहीत."

बस निघाली. मी हळूच विचारलं, "अहो, आणि तिने दुकान मागितलं तर?"

"तर बोलू तिच्याशी," हे म्हणाले, आणि मान खिडकीला टेकवून चक्क झोपले. पिशवी पायाशी पडली होती. मी ती उचलून मांडीवर घेतली, बंदाचे दोन वेढे मनगटाला दिले आणि घर येईपर्यंत जागी राहिले.